पुढच्या चाकाचं कुंकू

कोल्हापुरात यंत्राला कुणी म्हातारं म्हणत नाही. तीस वर्षं चाललेलं ऑइल इंजिन दाखवून शेतकरी सांगतो, "आत्ता कुठं रुळलंय." धुराड्यातून काळा धूर निघतो, पट्टा थरथरतो, एक नट कधीच गळून पडलेला असतो आणि त्याच्या जागी सुतळी असते. तुम्ही बोट दाखवलंत की उत्तर ठरलेलं: "चालतंय की!" अशा गावात माझा धंदा 'नाही' म्हणण्याचा आहे.

मी विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर. माझी सही झाली तर विमान उडतं, नाही झाली तर हँगरात उभं राहतं. बाहेरच्या शहरांत मोठ्या विमानांखाली उमेद घालवून पन्नाशीनंतर मी गावी परतलो, मंगळवार पेठेतल्या घरी राहायला आलो आणि एका लहानशा फ्लाइंग स्कूलमध्ये लागलो. तिथं शिकवणीची दोन-आसनी विमानं होती. सगळी शिकणाऱ्या पोरांपेक्षा वयानं मोठी, आणि एक तर जवळपास माझ्याच वयाचं. आम्ही दोघं सकाळी एकमेकांकडे बघून कण्हायचो.

म्हाताऱ्या विमानाला एकदम काही होत नाही, रोज थोडं थोडं होतं. एकाचा दरवाजा वर गेल्यावर आपोआप उघडायचा. पोरं घाबरून दोन्ही हातांनी दार धरायची, आणि विमान कोण चालवतंय हा प्रश्न तसाच राहायचा. दुसऱ्याच्या सीटखालची पट्टी झिजली होती. खाच नीट बसली नाही तर जमीन सोडता सोडता सीट सर्रकन मागे जाते, आणि धरायला दुसरं काही नाही म्हणून पोरगं स्टिअरिंगच छातीशी ओढतं. तसं ओढलं की नाक आभाळात जातं, आणि नाक आभाळात गेलेलं कुणाचंच फार वेळ टिकत नाही. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पेट्रोलमध्ये पाणी उतरायचं. थंडीत हीटर लावला तर एक्झॉस्टच्या चिरेतून धूर केबिनमध्ये येईल या धाकानं मी हीटरच बंद करून ठेवला होता. "साहेब, थंडी वाजते," अशी तक्रार आली तर मी स्वेटर घाला म्हणायचो.

पण सगळ्यात जास्त मार पुढच्या चाकाच्या पायाला. शिकाऊ पोरानं विमान मागच्या दोन चाकांवर अलगद टेकवायचं आणि मग नाक हळूच खाली घ्यायचं, अशी पद्धत आहे. आमच्या भागातली पोरं विमान टेकवत नाहीत, चितपट करतात. पुढचा पाय बिचारा वर्षानुवर्षं ते सोसतो, आणि एक दिवस त्याला तडा जातो. तडा तर भलता लाजाळू असतो. रंगाखाली लपून बसतो, बोटाला लागत नाही, टॉर्च मारली तरी दिसेलच असं नाही.

एकदा इंजिनाला धरून ठेवणारा एक कंस, म्हणजे ब्रॅकेट, मोडला होता तेव्हा उद्यमनगरातला माझा एक लेथवाला मित्र तो हातात घेऊन हसला होता. "पावणं, ही काय पट्टी हाय व्हय? दुप्पट जाड करून देतो. विमान मोडंल, पर पट्टी मोडायची न्हाय!" मी म्हटलं, तेच तर मला नकोय बाबा. एक भाग फाजील दणकट केला की मार शेजारच्या भागावर जातो. त्याला ते पटलं नाही. आपण पावण्यासाठी दुप्पट लोखंड घालायला निघालो आणि पावणा नको म्हणतोय, याचं त्याला आजही वाईट वाटतं.

आता कुंकवाचं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव्हारा सोडला. तेव्हापासून आमच्या घरात नारळ फुटतो तो फक्त रश्श्यासाठी. पण खंडेनवमीला अख्ख्या गावातल्या लेथ मशीनपासून मोटरसायकलीपर्यंत सगळ्यांना हार पडतात, तिथं आमच्या विमानांनीच काय पाप केलंय? मेकॅनिक मंडळी हौसेनं पूजा करायची, आणि दुसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन सगळं पुसत फिरायचो. यात देवाशी वैर नव्हतं. पुढच्या चाकाच्या पायात दणका सोसायला तेल भरलेलं असतं, आणि ते तेल लाल असतं. पायावर लाल ओघळ दिसला की तेल गळतंय असं समजायचं. तिथंच कुणी कुंकू फासून ठेवलं तर गळती कुठली आणि भक्ती कुठली, हे ओळखायचं कसं? हे मी दरवर्षी समजावून सांगायचो. ते दरवर्षी "व्हय व्हय" म्हणायचे आणि पाठीमागं म्हणायचे, "साहेबांचं न्हाय ना देवाचं काय, म्हणून."

तर अशा आमच्या स्कूलमध्ये कुरुंदवाडची एक पोरगी शिकायला होती. वडील ती दहावीत असताना गेले. आई शेत आणि म्हशी बघायची. घरात शब्द चालायचा तो थोरल्या चुलत्याचा. चुलता माणूस वाईट नव्हता. घरातल्या प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द आपला असावा, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. पोरीनं विमान शिकायचं ठरवलं तेव्हा पहिला शब्द आईचा झाला, आणि तो त्याला फार लागला होता. मध्यंतरी नेसरीकडचं एक स्थळ आलं. मग त्यानं निकाल दिला: "आमच्या डोळ्यांदेखत एकटीनं उडवून दाव. मग शिक काय शिकायचं ते. न्हायतर नेसरीच्या पावण्यांना व्हय म्हणून सांगतो."

एकटीनं पहिल्यांदा उडवणं म्हणजे असं: शिकवणारा कॅप्टन विमानातून उतरतो, दार लावतो आणि बाजूला होतो. पोरीनं एकटीनं वर जायचं, धावपट्टीला एक फेरा घालायचा आणि खाली यायचं. पाच-सात मिनिटांचा मामला. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या फेऱ्यावर टांगलेलं होतं, आणि हे तिनं मला हँगरात विमान पुसता पुसता सांगितलं होतं. मी म्हटलं, छान उडवशील. तसं म्हणायचं असतं.

ठरलेल्या दिवशी कुरुंदवाडहून दोन वडाप जीप भरून माणसं आली. आतल्या आवारात चौघांनाच परवानगी होती, बाकीची कुंपणाबाहेर उसाच्या कडेनं उभी राहिली. चुलत्यानं आदल्याच दिवशी गावातल्या चौकात फ्लेक्स लावला होता: 'आमच्या घराण्याची शान, पायलट झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' पुतणीवर त्याचा भरवसा नव्हता. पण फ्लेक्सवर तिच्याहून मोठा फोटो त्याचा स्वतःचा होता, आणि त्यावर त्याचा पूर्ण भरवसा होता.

चुलती ताट घेऊन पुढं आली. हळद, कुंकू, लिंबू, अगरबत्ती. नारळ मी फाटकाबाहेरच फोडायला लावला होता, करवंटीचा तुकडा चाकात नको म्हणून. चुलती विमानाकडे वळणार तेवढ्यात पोरगी म्हणाली, "काकू, थांब. आई लावंल."

आई पाठीमागं उभी होती, कपाळ मोकळं, पदर दोन्ही खांद्यांवरून. आमच्या जिल्ह्यात आता ग्रामसभा ठराव करतात, की विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ठराव एकमतानं होतात. नंतर सगळे आपापल्या घरी जातात, आणि ठरावाला घरापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो.

"नगं गं," आई म्हणाली. "काकू लावतीय न्हवं?"

"तूच लाव. न्हायतर मी बसतच न्हाय त्यात."

पोरगी हट्टाला पेटली की ऐकत नाही, हे आमच्या कॅप्टनलासुद्धा ठाऊक होतं. चुलतीनं तोंड वाकडं करून ताट पुढं केलं. कुंकू आईनंच पहाटे घरून कालवून आणलं होतं, आणि ते पाण्यात नाही, तेलात. विमानाला वारा लागणार, कोरडं उडून जाईल, असा तिनं विचार केला होता.

मी लगेच मध्ये पडलो. "पंख्याला नको. काचेला नको. पंखांना नको. वेग मोजायच्या त्या बारक्या नळीला तर हातसुद्धा नको."

"मग लावू तरी कुठं, सायेब?"

मला घाई झाली होती. "तिथं चाकाला लावा," मी म्हटलं.

ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. एखाद्या वडीलधाऱ्याच्या पायाला लावावा तसा तिनं त्या लोखंडी पायाला आधी हात लावला. "माझी लेक ह्याच्यावरच टेकणार न्हवं?" तिनं विचारलं. मी व्हय म्हटलं. मग तिनं नावापुरतं बोट टेकवलं नाही, चाकापासून वरपर्यंत चांगलं चोपडलं. बऱ्याच वर्षांनी लावायला मिळालेलं कुंकू होतं ते. मी घड्याळात बघत होतो.

मग फोटो. आधी घरच्यांचे, मग चुलत्याचा एकट्याचा विमानाला टेकून, मग कुंपणाबाहेरच्यांसाठी पोरीचा हात हलवून. या सगळ्यात त्या तेलाला मुरायला भरपूर वेळ मिळाला, हे मला मागाहून कळलं.

माणसं बाजूला झाली तसं मी पांढऱ्या पेट्रोलात भिजवलेलं फडकं काढलं आणि चाकापाशी बसलो. पुसायला लागलो आणि सहज वर पाहिलं. पाहायला नको होतं. ती माझ्या हाताकडे बघत होती. आपलं कुंकू दुसऱ्यानं पुसलेलं तिनं एकदा सोसलं होतं, आणि आता इतक्या वर्षांनी लावलेलं हा परका माणूस अर्ध्या तासात पुसत होता. मला लाज वाटली. लाज वाटली की माझा हात मऊ पडायच्या ऐवजी जोरात चालतो, हा माझा स्वभाव आहे. खसाखसा पुसून काढलं.

सगळं निघालं, एक रेघ राहिली.

केसाएवढी, लाल, जिथं पायाचे दोन भाग जोडलेले असतात तिथं. मी पुन्हा पुसली. निघाली आणि दोन क्षणांत परत उमटली. नख फिरवलं, नखाला काही लागेना. सकाळीच मी त्याच जागेवर टॉर्च मारली होती, आणि त्या पांढऱ्या रंगावर मला काहीएक दिसलं नव्हतं.

मी उठलो. "विमान आज उडणार नाही."

"काय पावणं, थट्टा करताय व्हय?" चुलता पुढं आला. मी रेघ दाखवली. त्यानं वाकून पाहिली आणि त्याला खरोखर हसू आलं. "ही? आवं, आमच्या ट्रॅक्टरच्या नांगराला बोट जाईल एवढी चीर हाय! दोन सुगी काढल्या त्याच्यावर. चालतंय की!"

"ट्रॅक्टर वरून खाली पडत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात चुलती हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "म्या म्हटलं हुतं. सवाष्णीच्या हातानं झालं असतं तर..."

आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. चोरी करताना सापडल्यासारखे. पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते रागाचं होतं. आणि चुलता शांतपणे, शेवटचा शब्द मिळालेल्या माणसाच्या समाधानानं म्हणाला, "झालं मग. देवाच्याच मनात न्हाय. नेसरीला फोन लावतो."

मला संताप आवरत नाही, हे आमच्या पेठेत सगळ्यांना माहीत आहे. "फोन खिशात ठेवा!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की कुंपणाबाहेरची माणसं आत काय झालं म्हणून तारेला चिकटली. मग स्टोअरमधून दोन डबे आणले. त्या पायाचा रंग खरवडला, लोखंड लख्ख केलं आणि सगळ्यांसमोर पहिल्या डब्यातलं लाल औषध फवारलं. "आता थांबायचं," मी म्हटलं. सगळे थांबले. काय चाललंय ते कळत नसलं तरी माणसं लाल रंगासमोर आपोआप गप्प उभी राहतात. मग मी ते पुसलं आणि दुसऱ्या डब्यातली पांढरी भुकटी मारली. हळूहळू त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. केसाएवढी नाही. निम्म्या पायाला वळसा घालून गेलेली.

"हे बघा," मी चुलत्याला म्हटलं. "आमच्या शास्त्रात तडा असाच शोधतात. लाल लावायचं, मुरू द्यायचं, पुसायचं. पुसूनही उरलं तर तडा आहे. यासाठी आम्ही हे डबे मागवतो. या बाईंनी तेच घरून वाटीत कालवून आणलं. तेलात कालवलं म्हणून चिरेत शिरलं. पोरगी एकटीनं पहिल्यांदा उतरणार, आदळणारच. पाय मोडला असता, नाक जमिनीत गेलं असतं, विमान उलटं झालं असतं. मग नेसरीला काय सांगितलं असतंत?"

चुलत्यानं पुन्हा वाकून ती रेघ पाहिली. "म्हंजी कुंकू लावलं म्हणून पोरगी वाचली?"

"लावलं म्हणून, आणि पुसलं म्हणून. दोन्ही."

त्यातलं त्यानं सोयीचं तेवढं घेतलं. कुंपणाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाला, "देवाच्या मनात हाय! नवा पाय बसवणार हाईत, मग उडवणार हाय!" देवाचं मन आमच्याकडे फार लवकर बदलतं. पण अट तशीच राहिली. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "पर सायेब, उडवून दावायचंच. त्याबिगार न्हाय."

मी जे सांगितलं ते आईपर्यंत पोचलं की नाही, मला कळेना. जाताना तिनं वाटीतलं उरलेलं कुंकू कुंपणाजवळच्या गवतात ओतलं.

नवा पाय यायला बरेच आठवडे लागले. तोवर चौकातला फ्लेक्स तसाच, पायलट झाल्याबद्दल अभिनंदन करत, उन्हानं विटत होता. पोरगी एसटीतून एक थांबा आधी उतरून शेतातून घरी जायची. इकडे हँगरात माझ्याच भाषणाचा मला जाच झाला. मेकॅनिकांना आता कुंकवाला शास्त्राचा पाठिंबा मिळाला होता. एकानं इंजिनाच्या कंसाला लावून पाहिलं, दुसऱ्यानं सीटच्या पट्टीला. "साहेब, तुम्हीच म्हटला होता की!" ज्यानं सगळ्या गावाचं कुंकू पुसलं तो मी आता त्याचा प्रचारक झालो होतो. आजोबा असते तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

पाय आला, बसला. मी त्याला रीतसर डब्यातलं औषध लावून तपासलं, सही केली. त्या दिवशी कुरुंदवाडहून एकच जीप आली: चुलता, चुलती आणि आई. ताट नाही, नारळ नाही. आई सगळ्यांच्या मागं, हात पदराखाली. मला ते हात बघवेनात.

"डबी आणलीय का?" मी तिला विचारलं.

"न्हाय सायेब. नगं ती आता."

माझ्या तोंडी आग्रह शोभणारा नव्हता. तेवढ्यात चुलतीनं पिशवीत हात घातला, आपली स्वतःची डबी काढली आणि जावेच्या हातात दिली. "घे. आणि नीट लाव, मागच्यावानी," ती चिडक्या सुरात म्हणाली. मऊ बोलणं त्या बाईला कधी जमलंच नसावं.

मी तेलाच्या कॅनमधले दोन थेंब आईच्या तळहातावर सोडले. तिनं कुंकू त्यात कालवलं आणि नव्या पायाला लावलं, खालपासून वरपर्यंत. मग मी थांबायला सांगितलं. आम्ही सगळे मुकाट्यानं त्या चाकाभोवती उभे राहिलो, आजारी माणसाच्या खाटेभोवती उभं राहावं तसे. मग मी खिशातून स्वच्छ फडकं काढलं, बसायला गेलो, आणि तसाच थांबलो.

"तुम्हीच पुसा," मी म्हटलं.

चुलतीनं श्वास आत ओढला. आईनं फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसली आणि पुसायला लागली, हळूहळू, भांडं पुसावं तसं. जोडापाशी आली तेव्हा तिचा हात थांबला. तिनं तोंड अगदी जवळ नेलं. बोट फिरवलं. पुन्हा पुसलं. पुन्हा पाहिलं.

"काय न्हाय ऱ्हायलं," ती म्हणाली.

"काही राहिलं नाही, म्हणजेच सगळं चांगलं आहे."

तिनं मान वर केली. "पुसल्यावर चांगलंबी असतंय व्हय?"

मी पोरीला बसायची खूण केली.

कॅप्टननं तिच्याबरोबर एक फेरा मारला, उतरला, दार लावलं आणि बाजूला झाला. ते म्हातारं विमान धडधडत गेलं आणि उठलं. चुलता एकदम माझा दंड धरून उभा राहिला. तो दंड त्यानं पुढचा सगळा वेळ सोडला नाही. आईनं उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरला होता, आणि विमान वळेल तशी ती जागच्या जागी फिरत होती. मग ते खाली आलं. आदळलं, उडालं, पुन्हा आदळलं. माझा जीव त्या पुढच्या पायात अडकला होता. नाक खाली आलं, पाय टेकला, आणि टेकलेलाच राहिला.

"चालतंय की!" चुलता ओरडला.

"व्हय," मी म्हटलं. त्या वाक्याला मी आयुष्यात पहिल्यांदाच होकार दिला असेल.

पोरगी धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. आईनं आडवा धरलेला हात कपाळावरून खाली घेतला तेव्हा मला दिसलं. बोटांचं कुंकू घामात भिजून तिच्या कपाळाला लागलं होतं. धड टिकली नाही, आडवा लाल फराटा. तिला पत्ता नव्हता. चुलत्यानं पाहिलं आणि तो धावपट्टीकडे बघायला लागला. चुलतीनं पाहिलं, सांगायला हात अर्धा वर केला आणि त्याच हातानं स्वतःचा पदर नीट केला.

फडकं माझ्या हातातच होतं. मी ते खिशात ठेवलं.